दोन टाचांचा मोजा

बुधवार, सकाळचे दहा

ती. आत्या,

की-बोर्डवरून दोन्ही हात उचलून (आणि एक पाय स्टुलावर ठेवून, त्याचं कारण पुढे येईल) तुला नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना, हे विचारत नाही, कारण तू सगळी नोकरी इस्पितळाच्या औषधभांडारात केलीस आणि लेबलावर 'जेवणानंतर' लिहिलं असेल तर जेवण होईपर्यंत तू त्या गोळीकडे बघतही नाहीस. तुझ्या या गुणाचं मला आजवर फार कौतुक होतं. सोमवारपासून त्याच गुणाची मला धास्ती वाटते आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

बाकीचं सांगण्याआधी एकच. हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नकोस. पत्त्यांचा डाव मांडायलाही नको. कारण आहे, आणि ते मी सांगणार आहे, पण ते सांगताना माझी जी शोभा व्हायची आहे ती जरा क्रमाने होऊ दे.

तू म्हणशील, कागदाचा नाद सोडा म्हणून सगळ्या घराण्याचे कान किटवणारा भाचा पाठकोऱ्या कागदावर पेनने का लिहितोय. तर तुझा फोन रविवारी संध्याकाळी पाच ते सहा चालू असतो आणि बाकीचा आठवडा बंद करून कपाटात असतो. (त्याने बॅटरी टिकते, असं मीच म्हणालो होतो. एकदाच, सहा वर्षांपूर्वी, चप्पल घालता घालता म्हणालो होतो.) तुझ्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांकडे निरोप द्यावा म्हटलं, तर मागच्या खेपेला मी त्यांचा फोन 'वेगवान' करून दिल्यापासून त्यांनी माझा नंबर अडवून ठेवला आहे. (फोन वेगवान झाला होता. त्यातले बाकीचे सगळे नंबर गेले होते. माझा तेवढा राहिला होता, तो त्यांनी अडवला.) आणि स्वतः यावं, तर घोट्याला प्लास्टर. गेल्या महिन्यात मी बिनवायरीचा चार्जर आणला. फोन नुसता वर ठेवायचा, वायर जोडायची गरज नाही. पण त्या चार्जरला स्वतःला भिंतीतून वीज घ्यायला वायर असते, ही गोष्ट खोक्यावर अगदी बारीक अक्षरात लिहिली होती. तिच्यात पाय अडकून मी पडलो. फोनला काही झालं नाही. मी तो छातीशी धरला होता.

नव्या यंत्रांबद्दल माझं मत तुला माहीत आहे. नवं मॉडेल येणार म्हटलं की मला आधी दोन दिवस कणकण येते. पण आत्या, हल्ली मला आतून भीतीही वाटायला लागली आहे. लॅपटॉप दर वर्षी बारीक होत चाललेत. बारीक होताना त्यांची भोकं जातात. आधी सीडीची गेली, मग नेटच्या जाड वायरीचं गेलं, आता माझ्या लॅपटॉपला डाव्या बाजूला एकच भोक उरलं आहे आणि त्यात लावायला एक डबी मिळते, तिला सात भोकं असतात. म्हणजे काढलेली भोकं आपण वेगळी विकत घ्यायची आणि वेगळ्या पिशवीतून न्यायची. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचे डोळे एकाचे चार झाले, तरी आपल्या घरातले सगळे फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याचेच येतात. आणि अपडेट! अपडेटमध्ये काय बदललं ते कधी कोणी सांगत नाही. 'काही सुधारणा व दुरुस्त्या' एवढंच. उद्या शेजारी येऊन म्हणाला, की मी तुमच्या स्वयंपाकघरात शिरून काही सुधारणा व दुरुस्त्या करून गेलोय, तर आपण त्याला सोडू का? इथे मात्र आपण खाली 'मान्य आहे' वर बोट ठेवतो. मी तर ठेवतोच. मला राहवत नाही. कोपऱ्यातला तो लाल ठिपका दिसला की मला दुसरं काही सुचत नाही.

तर आता तुझ्या सूनबाईच्या, म्हणजे आमच्या हिच्या, पुस्तकाकडे येतो. तुला ते माहीत आहेच. अकरा वर्षं ती विणकामाचं पुस्तक लिहितेय. तीनशे बारा पानं, एकशे चाळीस नमुने, बाळाच्या टोपीपासून शालीपर्यंत, आणि प्रत्येक नमुना तिने स्वतः विणून, उसवून, परत विणून मग लिहिलेला. या तीस तारखेला ते प्रकाशकबाईंच्या हातात पडायचं आहे. आधी ती वह्यांत लिहायची. वही हे अत्यंत असुरक्षित माध्यम आहे, वहीवर चहा सांडतो, असं मी तिला पटवलं, आणि त्या काळातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सीडीवरून तिच्या लॅपटॉपवर चढवून दिलं. तिने जुन्या वह्या उतरवून काढल्या आणि रद्दीत दिल्या. (मीच नेऊन दिल्या. तेव्हा पाय धड होता.)

सोमवारी दुपारी ती तिच्या विणकामाच्या वर्गाला गेली होती. मी पाय वर करून बसलो होतो, आणि समोर तिच्या लॅपटॉपवर लाल ठिपका. पाऊण तास चक्र फिरलं, पडदा तीनदा काळा झाला, मग एक सुंदर निळं चित्र आलं. मी खूश. सहज तिची फाइल उघडली. आत्या, पानभर नुसते कंस, डॉलर, टक्क्याची चिन्हं आणि मधूनमधून एखादं इंग्रजी अक्षर. त्या जुन्या सॉफ्टवेअरमधलं मराठी आतून मराठी नसायचंच. इंग्रजी अक्षरांना मराठीचे मुखवटे चढवलेले असायचे. नव्या अपडेटने जुनं सॉफ्टवेअर 'विसंगत' म्हणून काढून टाकलं, त्याबरोबर मुखवटे गेले. फाइल सुरक्षित आहे. मी घेतलेल्या नकला तीन ठिकाणी आहेत, त्याही सुरक्षित आहेत. फक्त त्यातलं एक अक्षर कोणाला वाचता येत नाही.

सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. सीडी शोधली, ती बाल्कनीत सापडली, कारण सीडीचा जमाना गेला म्हणून मीच ती कबुतरं घाबरवायला दोऱ्याने टांगली होती. उन्हापावसात तिचा मुलामा उडालाय, तिच्यातून आरपार पलीकडची इमारत दिसते. इंटरनेटवर जुनं मराठी नवं करून देणारी यंत्रं असतात, त्यातली चार वापरली. चौघांनी चार वेगवेगळी पुस्तकं दिली, आणि विणकामात एका टाक्याचा घोळ झाला की सगळं उसवावं लागतं, हे तुला मी सांगायला नको. सूनबाईला मी सांगितलं, की लॅपटॉपचा पंखा साफ करायला घेतलाय, आठवडा लागेल. ती बरं म्हणाली. ती नुसतं बरं म्हणाली की मला जास्त धडकी भरते.

मग मी विचार केला, की या पुस्तकात 'सुलट' आणि 'उलट' हेच दोन शब्द सगळ्यांत जास्त असणार. कोणती चिन्हं किती वेळा येतात ते मोजलं आणि कोणत्या चिन्हाचं कोणतं अक्षर, याचा तक्ता केला. दारावर 'मीटिंग चालू आहे' अशी चिठ्ठी लावली. (प्लास्टरमुळे कचेरीला रजा आहे, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.) चार तासांनी पान एक्केचाळीसवरचा मथळा उलगडला: 'सतत बसून काम करणाऱ्या, गार पायांच्या माणसासाठी मोजे.' आत्या, पाय माझेच गार असतात. अकरा वर्षं मी या पुस्तकाला 'तुझी ती फाइल' म्हणत आलो. किती जागा खाते एवढं मला पाठ होतं, आत काय आहे ते कधी विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, हे मी तुला सरळच लिहितो.

आता तक्ता बरोबर आहे की नाही, हे पडताळणार कसं? विणूनच. तिच्या खणातल्या सुया घेतल्या, तपकिरी लोकर घेतली, आणि सुरुवातीचं प्रकरण उलगडत उलगडत त्यातूनच टाके घालायला शिकलो. (छान लिहिलंय गं. चुकलात तर सुई खाली ठेवा, पाणी प्या, असं मध्येच लिहिते.) काल दिवसभर विणलं. संध्याकाळी मोजा पूर्ण झाला. त्याला दोन टाचा आहेत, एक खाली आणि एक नडगीवर. म्हणजे माझा तक्ता चुकला. एका मोज्यात एवढी चूक, तर एकशे चाळीस नमुन्यांचं काय होणार? तीस तारखेला प्रकाशकबाईंना काय दाखवू? आणि त्याआधी घरात काय सांगू? पंखा साफ व्हायला आठवडा लागतो हे ती फार तर आणखी दोन दिवस मानेल. मी हात टेकले आहेत, म्हणून हे पत्र.

असो. प्रकृतीला जप. पुतण्यांना, नातवंडांना आशीर्वाद सांग. फार वाकून कपाटातलं काही काढू नकोस.

तुझा भाचा
(ज्याला तुम्ही सगळे 'सर्व्हर' म्हणता)

ता. क. विनंती राहिलीच. तुझ्याकडचा लॅपटॉप म्हणजे सूनबाईचाच पहिला लॅपटॉप. मी त्याला नऊ वर्षं 'डबडं' म्हणत आलो. त्या डबड्यात ते जुनं मराठी सॉफ्टवेअर अजून जिवंत आहे. माझ्या माहितीत सगळ्या जगात आता तिथेच आहे. गेल्या रविवारी फोनवर मी तुला बजावलं, की शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर चार्जर लावून निळं बटण दाब, आणि मशीन विचारेल त्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हण. तू ते कॅलेंडरवर लिहून घेतलंस, मला पेनचा आवाज आला. ते खोड. निळं बटण दाबू नकोस. कशालाच हो म्हणू नकोस. मीच समोर येऊन दाब म्हणालो तरी माझा हात धर.

ता. क. २. हे पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं, हे आत्ता लक्षात येतंय. पण पाठकोरे कागद संपले.

ता. क. ३. (कॅलेंडरच्या मागच्या पानावर.) एक गोष्ट लपवली. हे अपडेट सगळ्यांना शुक्रवारी मिळणार आहे. आधी हवं असणाऱ्यांची एक यादी असते, तिच्यात मी तिचा लॅपटॉप घातला होता. माझा नाही. माझ्या मशीनवर महत्त्वाच्या गोष्टी आहेत, उगाच धोका कशाला, असा मी विचार केला होता. हे वाचून झाल्यावर हे पान फाडून टाक. हे पाकीट घेऊन तिलाच कुरिअरच्या दुकानात पाठवतोय, उद्या दुपारपर्यंत तुला मिळेल.

*

आत्या, नमस्कार. पाकिटाला डिंक लावायचं काम ह्यांनी माझ्यावरच सोपवलं, म्हणून हे पान मधे सरकवते आहे.

तुम्ही निळं बटण दाबणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण गेल्या रविवारी ह्यांचा फोन ठेवून झाल्यावर पाच मिनिटांनी मी तुम्हाला केलाच होता. नऊ वर्षं हे सगळ्यांना फोन करून दाबा म्हणतात, आणि मागून मी सगळ्यांना फोन करून थांबा म्हणते. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला मात्र मी फोन करायला विसरले. वर्गाला निघण्याआधी तो झाकून ठेवायला हवा होता. सोमवारी परत आल्यावर ह्यांचा चेहरा बघूनच मला कळलं, आणि तुमचा लॅपटॉप आहे म्हणून मी घाबरले नाही. पुढच्या आठवड्यात मी फाइल घेऊन तुमच्याकडे येते. तिथेच उघडू आणि शिंपीकाकांच्या दुकानाशेजारच्या छपाईवाल्याकडून छापून घेऊ. तीस तारीख गाठता येईल.

तो मोजा मी काल उशीखालून काढून पाहिला. ह्यांचा तक्ता बरोबर आहे, आत्या. दुसरी टाच माझी आहे. एक्केचाळीसाव्या पानावर मी सहा ओळी दोनदा लिहिल्या आहेत. अकरा वर्षांत ती चूक माझ्याही लक्षात आली नाही, कारण तो मोजा मी पानावर बघून कधी विणलाच नाही, मला पाठ होता. पुस्तक तसंच छापून गेलं असतं.

तेव्हा रविवारी ह्यांचा फोन आला तर तुमच्या लॅपटॉपवर ते जुनं मराठी सॉफ्टवेअर शाबूत आहे, हे इतक्यात सांगू नका. आज सकाळी दाराशी चहा ठेवायला गेले तर आतून हे स्वतःशी 'दोन सुलट, एक उलट' म्हणत होते. दुसरं प्रकरण चालू आहे. प्लास्टर निघेपर्यंत दुसऱ्या पायाचा मोजाही होईल.