एकही फोटो न आलेला दिवस

प्रिय भिंगरी,

तुझी ती उंच मैत्रीण उद्या परत निघतेय, म्हणून हे पाकीट तिच्या हाती देतोय. पोस्टाने का नाही, ते शेवटी कळेलच. ऑपरेशन झाल्यापासून फोनवर तू आईशी बोलतेस आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. त्याचा तुला काय उपयोग! आवाज गेला तो गेलाच, डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. त्याचं रडगाणं गाणार नाही. गाता येतही नाही म्हणा.

घरात माझा कारभार पाटीवर चालतो. स्टुडिओत उभी हयात 'हनुवटी खाली, खांदे सैल' असे हुकूम सोडले, आणि आता 'मीठ कमी' असं खडूने लिहून दाखवतो. त्यातही तुझ्या आईने युक्ती शोधलीय. भांडण रंगात आलं की ती चष्मा काढून टेबलावर ठेवते. मग मी पाटी कितीही नाचवली तरी बाई ढिम्म. बाकी तिचा गुडघा बरा आहे. आपल्या स्टुडिओच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलंय, पण तिथल्या पोरांनी दारावरची माझी पाटी अजून उतरवलेली नाही. लोक अजून पासपोर्टचा फोटो काढायला आत शिरतात आणि खजील होऊन बाहेर येतात. मी समोरच्या बाकावर बसून मजा बघतो.

स्टुडिओ बंद केला तेव्हा तू मला दिलेला तो चपटा डिजिटल कॅमेरा आठवतो? आणि तू नोकरीला निघालीस तो दिवस? दारात तू, जिन्यात तू, बॅगेवर बसलेली तू, शेजारच्या काकूंच्या मिठीत गुदमरलेली तू. सगळीकडे मी हजर, कॅमेरा गळ्यात. रात्री तू पोहोचलीस आणि फोटो मागितलेस, तर आत एकही फोटो नाही! नुसते व्हिडिओ, तेही फरशीचे आणि चपलांचे. केवढी चिडली होतीस! 'बाबा, सगळ्या गावाचे फोटो काढलेत आणि माझाच एक नाही?' मग म्हणालीस, पुसून टाका तो सगळा कचरा. ते काम मी आईवर सोपवलं.

माझा बचाव तू कधी नीट ऐकून घेतला नाहीस, आता वाच. त्या कॅमेऱ्यावर उजव्या अंगठ्यापाशी जी गोल चकती आहे ना, नेमक्या त्याच जागी माझ्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर शटरच्या वेगाची चकती होती. उजेड बघायचा आणि अंगठ्याने ती फिरवायची, ही माझी जन्माची सवय. दारातच उजेड कमी पडला, अंगठ्याने आपलं काम केलं, आणि चकती फोटोवरून व्हिडिओवर गेली. मी बटण दाबायचो, तिकडे चित्रण सुरू व्हायचं. फोटो झाला असं समजून मी कॅमेरा सोडून द्यायचो, तो पोटावर लोंबकळत फरशी टिपत राहायचा. पुढच्या फोटोसाठी बटण दाबलं की चित्रण बंद. म्हणजे तुम्ही सगळे शहाण्यासारखे उभे राहिलात तेवढंच नेमकं निसटलं आणि मधला गोंधळ तेवढा आला. पडद्यावर बघायचं मला सुचलं नाही. फोटो काढल्या काढल्या बघणं म्हणजे बी पेरून लगेच उकरून बघणं, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

आता खरी गोष्ट. गेल्या महिन्यात मी फिरायला निघालो आणि टोपी विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतलो. दार लोटलं तर स्वयंपाकघरात कोणीतरी पुरुष बोलत होता. आपल्या घरात, मी नसताना! चोरपावलांनी डोकावलो. तुझी आई ओट्याला टेकून उभी होती, डोळे मिटलेले, आणि तो चपटा कॅमेरा फोनसारखा कानाला लावलेला. आतून मीच बोलत होतो. 'हनुवटी खाली. हं. आता हलायचं नाही.' आणि ही बाई गालातल्या गालात हसत होती. तो कचरा तिने पुसलाच नव्हता. मी टोपी न घेताच पुन्हा बाहेर पडलो आणि मोबाइलवाल्याच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. माझा आवाज मला कधी एवढा आवडला नव्हता गं.

तेव्हापासून मी रोज न चुकता फिरायला जातो, जरा लांबच. परत येताना जिन्यात मुद्दाम पाय आपटतो, म्हणजे तिला कॅमेरा डब्यांमागे ठेवायला वेळ मिळतो. पण हल्ली त्या कॅमेऱ्याचं काहीतरी बिनसलंय. परवा जिन्यालगतच्या खिडकीतून पाहिलं, पडदा काळा होता. ती कार्ड काढून रुमालाने पुसत होती, फुंकर घालत होती, पुन्हा बसवत होती. चेहरा इतका उतरलेला की मला बघवेना. चौथ्यांदा का पाचव्यांदा कधीतरी ते चाललं. एक दिवस चालणारच नाही. ती मला सांगणार नाही, कारण मग चोरून ऐकते हे कबूल करावं लागेल. आणि मी विचारणार नाही.

म्हणून हे पत्र. आई मावशीकडे गेलीय, रविवारी येईल. सोबतच्या चिटोऱ्यात ते कार्ड गुंडाळलंय. तुझं कामच दिवसभर लोकांचे व्हिडिओ कापायचं आणि जोडायचं, तेव्हा यातलं सगळं उतरवून घे, आणि ती येण्याआधी कार्ड माझ्याकडे परत पोहोचव. उतरवून घेतलेलं तुझ्यापाशी जपून ठेव. फक्त एक कर, कापाकापी करू नकोस. फरशी राहू दे, चपला राहू दे. शेवटच्या व्हिडिओत तुझी गाडी गेलेली आहे आणि रस्त्यावर फक्त माझी आणि आईची पावलं दिसतात. तुला हात करणाऱ्या आईचा फोटो झाला, असं समजून मी तिला म्हणतोय, 'गेली गाडी. फोटोही झाला. आता रडलीस तरी चालेल.' आणि मग रडण्याचा आवाज येतो तो माझाच. ती 'अहो, अहो' करत माझी समजूत घालतेय. तुझी आई सगळ्यात जास्त तेवढंच ऐकते. बाकी काही निघालं नाही तरी चालेल, पण तेवढं काहीही करून वाचव.

तुझाच,
पाटीवाला बाबा