लांबलेली सभा

दहावा महिना, ६. १८५०. आठवड्याचा पहिला दिवस

बाबा आजही मौन प्रार्थनेच्या सभेत झोपला! समोरच्या वडीलधाऱ्यांच्या बाकावर, हनुवटी छातीला टेकवून. आणि मौन संपवायचं ते त्यानेच — तो शेजारच्या जोएलचा हात हातात घेतो, तेव्हाच सगळे उठतात. जोएलने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे हात पुढे आला. तोवर घरी माझा रस्सा करपलेला.

व्हायनी म्हणाली, "ओबेद, देव काही बोलला का? की तुझ्या घोरण्यात ऐकूच आलं नाही?"

माझ्या सासऱ्याला असं बोलणारी जगात ती एकटीच. दोष त्याचाच. चार वर्षांपूर्वी केंटकीच्या मालकाच्या गुलामीतून पळून, नदी ओलांडून ती आमच्या दारात आली. भीत भीत 'मिस्टर' म्हणाली. हा गुरगुरला — "इथे मिस्टर कोणी नाही. ओबेद म्हण." ती म्हणाली, "मग ओबेद, पाय पुसून आत ये."

तेव्हापासून पुसतो. विसरला तर ती नुसती पायपुसण्याकडे बघते.

१०

नवा कायदा वर्तमानपत्रात आला. पळून आलेल्या गुलामांना आता इथे इंडियानातही पकडणार. परत मालकाकडे. आसरा देणाऱ्याला तुरुंग.

माझ्या नवऱ्याने, एनॉसने, टेबलावर मूठ आपटली. बाबा म्हणाला, "मलाही तो आवडत नाही. पण सभेला यात ओढू नका. भांडण आपल्या दारात आणायचं नाही."

व्हायनी भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "ओबेद, मी भांडण आहे का?"

तो उठून गोठ्यात गेला. जेवायला आला नाही. तिने त्याचा मक्याचा पाव झाकून ठेवला. वर मेपलचा पाक, नेहमीपेक्षा जास्त.

१२

केंटकीची दोन माणसं खानावळीत उतरली आहेत. तिचं नाव घेऊन विचारताहेत.

उद्या पहाटे एनॉस तिला गाडीत पोत्यांखाली घालून उत्तरेला नेणार. दिवसभराची आघाडी मिळाली तर आमच्याच पंथातल्या पुढच्या मित्रांचं घर गाठेल. तिथून पुढचं घर. मग कॅनडा. मधेच गाठलं तर — नको.

बाबाला सांगितलं नाही. विचारलं कोणी, तर तो खरं सांगेल. आयुष्यात खोटं बोललेला नाही.

१३. पहिला दिवस

गेली.

माझी दुसरी करडी टोपी घालून गेली. सभेला मागच्या बाकावर बसताना घालायची तीच. "एवढी खोल टोपी," म्हणाली, "आत कोण आहे ते फक्त देवाला दिसतं." नाड्या मी बांधल्या. दोनदा सुटल्या. बाबाच्या दाराशी ती जरा थांबली. आत घोरणं. "झोपू दे," म्हणाली.

सकाळी बाबा टेबलाशी येऊन बसला. पाव नव्हता. खुंटीकडे बघितलं, टोपी नव्हती. खिडकीतून बघितलं, गाडी नव्हती. काही विचारलं नाही. माझ्याबरोबर चालत सभेला आला.

मौन सुरू झालं आणि थोड्याच वेळात घोडे. उघड्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. "घर रिकामं आहे. ती इथेच असणार, बायकांच्या बाजूला. त्या टोप्या ओढा, लगेच सापडेल!"

गावचा शिपाई म्हणाला, "प्रार्थनेत नाही. माझी आई यांच्यातलीच होती. म्हातारे हात मिळवतात, मग सगळे उठतात. तासाभराचा प्रश्न आहे. बसा."

ते पायरीवर बसले.

तास झाला. जोएलने हात पुढे केला. बाबाचे हात गुडघ्यांवर. जोएलने ढोसलं. गुडघ्यांवरच. जोएलने बाबाकडे बघितलं, मग आपला हात हळूच मागे घेतला.

कोणी उठलं नाही. पोरं चुळबुळली, एकाने चड्डी ओली केली. पोटं गुरगुरायला लागली — एकाचं थांबलं की दुसऱ्याचं! बाहेर तंबाखूच्या पिचकाऱ्या आणि शिव्या. "अहो, हे मेले की काय?" शिपाई म्हणाला, "देव बोलत असेल." ऊन पूर्वेच्या खिडकीतून गेलं. पश्चिमेच्या खिडकीतून आलं. मी मनात एनॉसची गाडी हाकत होते. ओढा. गिरणी. टेकडी.

ऊन जमिनीला टेकलं तेव्हा बाबाने जोएलचा हात हातात घेतला.

एकेक बाई बाहेर पडली. ती माणसं वाकून प्रत्येक टोपीत बघत होती. केझाया, ऐंशीची, त्यांच्यापुढे थांबली. "नीट बघ, बाळा. एवढ्या जवळून मला आता पुन्हा कोण बघणार?" शिपाई तोंड फिरवून खोकला.

१४

न राहवून विचारलं. "बाबा, काल सभा एवढी लांबली कशी?"

"झोप लागली होती."

त्याचे डोळे उघडे होते. पूर्ण वेळ. मी समोरच होते.

त्याच्या पावावर पाक जरा जास्तच ओतला. सगळा खाल्ला.

१८

एनॉस आला! तिला पुढच्या लोकांच्या हाती सुखरूप दिलं. निरोप एकच — "ओबेदला म्हणावं, मी बघत नाही म्हणून चिखलाचे पाय आत आणू नकोस."

बाबा उठून गोठ्यात गेला. बराच वेळ तिथेच. आला तेव्हा डोळे लाल. पाय स्वच्छ.

अकरावा महिना, २

उजाडता उजाडता स्वयंपाकघराचं दार वाजलं. बाबा. मागे एक अनोळखी बाई, भिजलेली, कडेवर मूल. बाबाने पाय पुसले. तिला आधी आत घेतलं. मग मला म्हणाला,

"रोडा, टोपी शिवायला तुला किती वेळ लागतो?"