सात नंबरचा बिल्ला

३ मार्च
झाली एकदाची बदली! हे सांडपाणी उपसा केंद्र वारसा यादीत आहे म्हणे. वर कमानी, रंगीत काचा, जेवायला बसावं अशी लखलखीत फरशी. आणि खाली विहिरीत अख्ख्या वस्तीची घाण. आई म्हणाली, नाक घरी ठेवून जा. म्हाताऱ्या मिस्त्रींनी नियम सांगितला: विहिरीत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला फळ्यावर अडकवायचा, वर आल्यावर त्यानेच काढायचा. फळ्यावर बिल्ला असेपर्यंत पंप सुरू करायचा नाही. सात नंबरचा मात्र कायम तिथेच, म्हणून जुना पंप बंदच; उपसा नव्या पंपावर. का म्हणून विचारलं, तर मिस्त्रींना ऐकूच आलं नाही.

६ मार्च
वारसा समितीला बिल्ले काचेच्या कपाटात मांडायचे आहेत. मी हौसेने सातवा काढून घासला आणि दुपारी त्यांना जुना पंप चालवून दाखवला. मिस्त्री धावत आले, रिकामा फळा बघून त्यांनी झडप घालून पंप बंद केला.

७ मार्च
खालून पाइपावर थापा येतात. दोन, जरा थांबून एक. बाबा आमचं दार असंच वाजवायचे. मी सहा वर्षांची असताना ते घर सोडून गेले. आईच्या भाषेत, तोंड काळं करून.
बिल्ल्याच्या पाठीवर खिळ्याने कोरलंय: चिमणी. घरी मला अजून तेच म्हणतात.

८ मार्च
मिस्त्रींना बिल्ल्याची पाठ दाखवली. ते रडायलाच लागले. बाबा खाली विहिरीत असताना, साहेब येणार म्हणून त्यांनीही तो पुसायला काढला होता, आणि कोणीतरी पंप सुरू केला. कागदावर लिहिलं, कामगार पळून गेला.
आईला फोन केला. तिने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, म्हणजे तो आपल्याला सोडून नव्हता गं गेला. बावीस वर्षं शिव्या घातल्या मी त्याला. मला रडू आवरेना.

९ मार्च
थापा थांबत नाहीत. मिस्त्री आलेच नाहीत. इतकी वर्षं दार वाजवताहेत, आणि कोणी —

१० मार्च, सकाळ
सातवा परत अडकवला. शेजारी माझा, चौथा. वही खिशात घालून उतरले.
शिडी संपली. थापा अगदी जवळ. बाबा, मी चिमणी —
थापा बदलल्या. भराभर. वर जा म्हणताहेत —
वर समितीच्या पाहुण्यांची गडबड. कोणीतरी विचारतंय, कपाटात ठेवायचे बिल्ले हेच ना. मी ओरडतेय, त्यांना ऐकू —
एक खणकला.
दुसरा —