लाल दोऱ्याची कलमं

नारायणगाव
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

साधना बाळा,

आईचा आशीर्वाद. इकडं सगळं बरं. तुझ्या पप्पांचा गुडघा धरलाय, तरी टोमॅटोत जातातच, ऐकतात कुठं! कागद बघून हसू नको. हे फोनवर बोलता येईना. गोरखमामा उद्या पुण्याला येतोय, त्याच्या हाती देते.

काल तू म्हणालीस, हर्नियाचं ऑपरेशन सर एकटीला करू देत न्हाईत, आणखी दहा माझ्यासमोर कर म्हणतात. आन् बुधवारी ऑपरेशनांची वही द्यायचीय, त्यात न केलेली घुसडते, सगळेच घुसडतात. "सर म्हणजे आपली गोजरबाई गं आई, जळकी!"

मी पण हसले. फोन ठेवला आन् भाकरी करपली.

ते नाव मीच तुझ्या तोंडात घातलंय. तिनं जळून मला टोळीतनं काढलं, हे तू लहानपणापासनं ऐकलंस.

द्राक्षाची कलमं बांधणारी आमची टोळी. लई चांगले दिवस व्हते बघ. जीपमधी पाय ठेवायला जागा नसायची, पण हसणं थांबायचं न्हाई. तू दीड वर्षाची, बांधावर झोळीत. गोजरबाई टोळीची मुकादम, ती माझा हात बघायची, "लंके, काडी तासतीस का दोडका सोलतीस?" सगळ्या खिदळायच्या. दुपारी तीच आपल्या डब्यातला गुळाचा खडा तुझ्या मुठीत द्यायची.

शिकणारीच्या कलमांना ती लाल दोरा बांधायची. तीन आठवड्यांनी काडीचे डोळे फुटून कोंब आले का बघायची, मगच एकटीला बाग द्यायची. माझी निम्मी वाळली. तिच्या आधी जाऊन मी वाळलेल्यांचे दोरे सोडले आन् तिच्याच फुटलेल्या कलमांना बांधले.

लई खूश झाली ती. येडगावच्या गेणभाऊंचा बाग माझ्या एकटीवर सोपवला. सगळा वाळला. गेणभाऊंचं वरीस गेलं. ते शिव्या देत आले तर गोजरबाई पुढं झाली, "पोरगी माझी. मीच नीट पारखली न्हाई."

मग मला बाजूला घेतलं. "जाऊन बघितले ते दोरे. गाठी माझ्या न्हाईत, लंके. उद्या ये, पहिल्यापासनं शिकू."

मी गेले न्हाई. लाज वाटली. आन् लाजेपायी तिलाच जळकी म्हणत फिरले.

ते वेल व्हते. तुझ्यापुढं माणूस झोपलेलं असतं. सर दहा म्हणाले तर दहा कर, वीस कर. वही खरी दे. सहा महिने जास्त लागले तर लागू दे, पप्पांना मी बघते.

गोजरबाई अवसरीला लेकीकडं असती. मंगळवारी जाते. काय बोलायचं ते दारात गेल्यावर सुचंल, न्हाई सुचलं तर तशीच उभी राहीन.

माझा राग आला तर फोन करून चार शब्द ऐकव. ऐकीन.

पंचवीस वर्षं तुला खोटं सांगणारी,
तुझी आई