माझ्या नावाने आलेली मेल

सोमवार
नोकरी लागली. ताईच्याच कंपनीत, तिच्याच शब्दावर. ती दुसऱ्या मजल्यावर बिलं बघते, मी तळमजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत. खिडकी आहे, टेबल डुगडुगत नाही, चहा गरम मिळतो. बाहेरून आलेली संशयास्पद मेल यंत्रणा आपोआप अडवते. ती मी वाचायची. खरी असेल तर सोडायची, खोटी असेल तर पुसायची. शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करायचा, तोही आपल्याकडच्या नंबरावर, मेलमधल्या नव्हे. हा नियम सगळ्या कंपनीला आहे. साहेब म्हणाले, शाळा अर्धवट सोडलीस तरी चालेल, फक्त वाचताना घाई नको. ते मला जमतं.

गुरुवार
दिवसभर खोट्या लॉटऱ्या, खोटी बिलं, खोटे साहेब. डोळे चुरचुरतात. आज एक मेल माझ्या नावाने ताईला आली होती. तळघरात ये, एवढंच. पत्ता परका. पुसली. ताई म्हणाली, वा, बंधुराजांची नक्कल निघाली, म्हणजे मोठे झालात. इमारतीला तळघर आहे हे मला त्या मेलमुळेच कळलं.

मंगळवार
पुन्हा आली. मी लिहितो तशीच, आधी जेवणाची चौकशी, मग काम. शिपाईकाका सांगत होते की माझ्या आधी या खुर्चीवर जो होता, त्याचा भाऊ इथेच गोदामात कामाला होता. एकदा तळघरात उतरला तो वर आलाच नाही. पोलीस येऊन गेले, पाणी पिऊन गेले.
झोप नीट होत नाही.

शुक्रवार
आजच्या मेलमध्ये आईच्या आजारपणातलं होतं. ते फक्त आम्हा दोघांना माहीत. पत्ताही आता माझाच. पुसताना हात जड झाला. ताई दुसऱ्या शाखेत गेली आहे, फोन लागत नाही. तिला मेल केली की माझ्या नावाने काहीही आलं तरी खाली उतरू नकोस.

सोमवार
माझी मेल पोचलीच नाही. अडवलेल्यांत पडली आहे. शेरा – पाठवणारा बनावट. सोडली. परत आली. पुन्हा सोडली –
आणि तळघरात बोलावणारी ती खोटी मेल आज अडवलेल्यांत नाही. म्हणजे –

वर जाऊन आलो. ताई शाखेतून परतली आहे, पर्स टेबलावर, पण खुर्ची रिकामी. शेजारच्या बाई म्हणाल्या, अरे, तूच ना बोलावलंस. तिने नियमाप्रमाणे तुझ्या नंबरावर फोन करून विचारलंही. तू हो म्हणालास, मग गेली हसत.
फोन माझ्या खिशात आहे. वाजला नाही.

तळघराच्या पायरीवर. दार आतून बंद. धक्के मारून थकलो. शिपाईकाका किल्ली शोधायला गेलेत. ते येईपर्यंत लिहितोय.
ताईला फोन लावला. तिने उचलला. मी म्हटलं, मी बोलतोय, वर ये. ती म्हणाली, थांबा हं, त्यालाच देते –
तिकडून माझ्याच आवाजाने विचारलं, कोण बोलतंय. दमलेला आवाज. माझ्यासारखाच.
मी नाव सांगायला लागलो, पण नाव –
आत ताई कोणाला तरी लाडाने हाक मारतेय. ती हाक माझी आहे. मी ओ देतो तर तोंडातून आवाजच निघत नाही, ओ आतून येते, माझ्याच आवाजात