तिघांची सीट

केळवे, जानेवारी १९६६

प्रिय विश्रामदादा,

तू आबांशी भांडून मुंबईच्या मोटार कारखान्यात गेलास, तेव्हापासून सात वर्षं आबांनी तुझं नाव काढलं नाही. "लोखंडी गाडी माझ्या वाडीत शिरायची नाय," म्हणायचे. तरी नारळ-सुपारीसाठी आम्ही पिकअप मागवलीच. दीड वर्षाने कंपनीकडून आला तो नुसता सांगाडा, इंजिन आणि चार चाकं; वरचा भाग ज्याचा त्याने बांधून घ्यायचा. बाकी गाडी पालघरला नागोराव सुतारांनी सागवानाची बांधली.

आबा रोज तिथे जाऊन बसायचे आणि चुका काढायचे. मागच्या महिन्यात म्हणाले, "नागोराव, सीट रुंद करा. तिघं मावली पायजेत."

मी विचारलं, "गाडी तुमचे जावई चालवणार, शेजारी तुम्ही. तिसरं कोण?"

आबा उखडले. "विश्राम घरी येताना काय मागं नारळावर बसंल?"

मग त्यांनी मला शपथ घातली, दादाला कळवायचं नाय. पण आनंद पोटात मावेना, म्हणून लिहिते आहे. टपालात मात्र टाकणार नाही.

काल गाडी तयार होऊन घरी आली, आणि आज सकाळी आबा दाढी करून, कोरं धोतर नेसून गाडीत बसले. "मुंबईला माल पोचवायचा हाय," म्हणाले.

मागे एक सुपारीसुद्धा नव्हती, दादा. दुपारपर्यंत ते तुझ्या दारात असतील.

तुझी वाट बघत पोळ्या लाटायला बसलेली,
सुलू