मावशीने शिवलेली आवर्तसारणी

ता. ६ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रासोबत एक भलंमोठं भेंडोळं येतंय. पडदे नाहीत, शाळेतला आवर्तसारणीचा कापडी तक्ता आहे. कपाटात उंदरांनी त्याच्यावर यथेच्छ ताव मारला. उजवीकडचे दोन चौकोन तर सुटेच झालेत, आणि त्यांचे क्रमांक छापलेले कोपरे उंदरांच्या पोटात गेलेत. सोळा तारखेला मुख्याध्यापिकाबाई माझ्या तासाला मागच्या बाकावर बसणार आहेत. तास जमला तर मी नोकरीत कायम, नाहीतर हातात नारळ. तेव्हा तेवढा शिवून दे गं.

आणि जरा माझी विद्यार्थिनी हो. तुझी शाळा लवकर सुटली, म्हणून सराव तुझ्यावरच. रागावू नकोस. तर, जगातली प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन. भोवती कवचं, त्यांत इलेक्ट्रॉन. अगदी बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत, यावर मूलद्रव्याचा स्वभाव ठरतो. सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं तक्त्यात एकाखाली एक, एका घराण्यातली. आडव्या ओळीत हलक्याकडून जडाकडे जायचं. झालं! आहे काय त्यात?

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी भिंगरी


ता. १० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भेंडोळं पोचलं. उंदरांना विज्ञानाची गोडी लागलेली दिसते, आता तुझ्या वर्गाला लागली म्हणजे मिळवली. एका गिऱ्हाइकाचा कोट बाजूला सारून आधी तुझा तक्ता घेतला. ते गिऱ्हाईक तोंड फुगवून गेलं. जाऊ दे, कोट काय उद्याही होईल.

तुझा धडा वाचला. बाई गं, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी काय पळतेस? केंद्रक म्हणजे काय, फळातली बी का? हे इलेक्ट्रॉन कशाला धरून राहतात? वर्गात मधेमधे श्वास घे, मुलांनाही घेऊ दे.

तक्त्याला मागून जाड अस्तर लावलंय. ते दोन सुटे चौकोन म्हणजे टेल्युरियम आणि आयोडीन. कुठला कुठे, कळेना. मग तुझं वाक्य आठवलं, हलक्याकडून जडाकडे. चौकोनांवर वजनं होतीच. आयोडीन १२६.९, टेल्युरियम १२७.६. म्हणून आयोडीन आधी, टेल्युरियम नंतर. मापाच्या बाबतीत माझा हात कोणी धरणार नाही, हे तुला ठाऊक आहे. दुहेरी टीप मारलीय. उंदीर सोड, हत्ती आला तरी उसवणार नाही.

नोकरी गेलीच तर इकडे ये, काजं-बटणं करायला बसवीन. पण खरं सांगू? नको येऊस. मला तू तिथेच हवीस, फळ्यासमोर.

तब्येतीला जप.
तुझी मावशी


ता. १६ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
साष्टांग नमस्कार, आणि त्याहून लांबलचक तक्रार.

तुझं पार्सल आज सकाळी शिपाईदादांनी थेट वर्गातच आणून दिलं. घाईघाईत तक्ता टांगला, वळून पाहिलं, तर काय! आयोडीन गंधकाच्या घराण्यात आणि टेल्युरियम क्लोरीनच्या! हळूच टीप ओढून बघितली. ती कसली हलतेय! मागच्या बाकावर बाईंनी चष्मा चढवला.

चूक माझी. ओळ वजनाने लागत नाही, केंद्रकातल्या प्रोटॉनच्या संख्येने लागते. टेल्युरियमचे प्रोटॉन बावन्न, आयोडीनचे त्रेपन्न. पण केंद्रकात न्यूट्रॉन नावाची आणखी मंडळी असतात. ती वजनात भर घालतात, क्रमात मोजली जात नाहीत. टेल्युरियमने ती जास्त भरून घेतलीत, म्हणून ते आधीचं असून जड. बहुतेक ठिकाणी दोन्ही क्रम जुळतात, त्यामुळे मी बेफिकीर राहिले.

मग काय, मुलांना म्हटलं की या तक्त्यात कोणीतरी चुकीच्या घरात शिरलंय, शोधा. नुसता गलका! आधी बिचाऱ्या हायड्रोजनवर आळ आला. मग गुडघ्याला पट्टी बांधलेली एक मुलगी उठली. तिचं म्हणणं असं, की जखमेवर आयोडीन लावतात, पाण्यात क्लोरीन टाकतात, दोन्ही जंतू मारतात, मग ही एकाच घरची नकोत का? फळ्यावर बाहेरची कवचं काढून घेतली. क्लोरीनला सात इलेक्ट्रॉन, ब्रोमीनला सात, आयोडीनलाही सात. कवच भरायला आठ लागतात, त्यात एकच कमी, म्हणून ही सगळी सारखी दुसऱ्याच्या इलेक्ट्रॉनवर डोळा ठेवून असतात. टेल्युरियमला मात्र सहाच. मुलांनी एकमताने आयोडीनला स्वगृही धाडलं. मीही सांगून टाकलं, की मावशीला मीच चुकीचं शिकवलं आणि तिने ते इमानदारीत शिवलं. वर्ग खो खो हसला.

बाई उठून तक्त्याजवळ आल्या. वाटलं, संपलं. त्यांनीही टीप ओढून बघितली आणि म्हणाल्या, की घंटा होऊन गेली तरी एकही मूल दाराकडे बघत नाहीये, असं या वर्गात त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. मावशी, मी कायम झाले!

तक्ता परत पाठवतेय. तेवढे दोन चौकोन उसवून नीट लाव. तुझी शिकवणी आता संपली, सुटलीस एकदाची.

अशीच पाठीशी राहा.
तुझी भिंगरी


ता. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचून आधी रडले, मग शेजारणीला वाचून दाखवलं, मग दोघी रडलो. ती टीप उसवताना माझी मीच मला शिव्या घातल्या. आता दोन्ही चौकोनांना टिचबटणं लावलीत. दरवर्षी नवी मुलं आली, की तू मुद्दाम अदलाबदल करून ठेव आणि शोधू दे त्यांना.

पण शिकवणी संपली, हे परस्पर कोणी ठरवलं? कोपऱ्यावरच्या वीजवाल्याला मी गाठलं. तो म्हणतो, प्रोटॉन धन, इलेक्ट्रॉन ऋण, दोघांना एकमेकांची भारी ओढ. मग इतकी ओढ असून इलेक्ट्रॉन आत पडत कसे नाहीत? हे विचारल्यावर त्याला एकदम काम आठवलं.

शाळेत मी कधी काही विचारलं नाही गं. चुकलं तर हसतील, या धाकाने तोंड मिटून बसायचे, आणि तशीच शाळा सुटली. परवा माझ्या चुकीला अख्खा वर्ग हसला, तर काय मजा वाटली मला! म्हणून विचारतेय. येत नसेल तर शोधून लिही, पण लिही. मी हात वर केलाय, बाई.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी विद्यार्थिनी,
मावशी